मुंबईत घरच्या बागेसाठी अंजिराची कोणती जात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंजिराच्या जातींची तुलना बहुतेक वेळा चव, आकार आणि रंग यांवरून होते. मुंबईत तेवढ्याने भागत नाही. इथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि अंजीर मुळातच कोरड्या हवेचं झाड आहे. म्हणून खाली प्रत्येक जातीकडे आधी पावसाच्या आणि तांबेऱ्याच्या (पानांवर गंजासारखी पूड आणणाऱ्या बुरशीच्या रोगाच्या) अंगाने पाहिलं आहे, गोडीचा विचार त्यानंतर.

मुंबईत अंजिराला फळ धरतं का, की नुसतीच पानं येतात?

धरतं, आणि चांगलं गोडही होतं. इथे झाड जगवणं अवघड नाही. फळ कोणत्या महिन्यात पिकतं, यावर सगळं अवलंबून असतं. फेब्रुवारी ते मे या काळात पिकलेलं अंजीर मुंबईतही उत्तम निघतं. जुलैत पिकायला आलेलं फळ पाणी पिऊन फुटतं, आंबतं किंवा बुरशी धरतं.

पुरंदर तालुका, सासवडचा परिसर हा आपल्याकडचा अंजिराचा नावाजलेला पट्टा. तिथल्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तो भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, पाऊस कमी, हवा कोरडी, रात्री गार. मुंबईत यातलं काहीच नाही. त्यामुळे पुरंदरचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालत नाही, पण तिथली जात मात्र चालते.

एकाच कुंडीची जागा आहे. कोणती जात घेऊ?

पुना अंजीर. कारणं तीन. हे झाड छाटणीला लगेच प्रतिसाद देतं, नव्या फुटीवर फळ धरतं आणि त्याला परागीभवनाची गरज नसते. शिवाय खात्रीचं कलम पुणे जिल्ह्यातून सहज मिळतं, हे मुंबईकराच्या दृष्टीने फार महत्त्वाचं. फळ मध्यम आकाराचं, साल तपकिरी-जांभळी, गर गुलाबी-लाल, साल पातळ. पातळ साल खायला छान, पण तीच त्याची कमजोरीसुद्धा आहे: अवकाळी सर आली की फळ लवकर तडकतं.

पुना अंजीर, दिनकर आणि फुले राजेवाडी यांत नेमका काय फरक आहे?

घरच्या बागेपुरता फार थोडा. या तिन्ही एकाच कुळातल्या, आपल्या हवेत रुळलेल्या निवडी आहेत. दिनकर ही दौलताबाद भागातल्या अंजिरातून निवडलेली. फुले राजेवाडी ही राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुना अंजिरातून निवडलेली. निवड करताना उत्पादन, फळाचं वजन आणि गोडी हे निकष असतात आणि त्यांचा फायदा शेतात, शंभर झाडांच्या हिशेबात दिसतो. एका कुंडीत खत, ऊन आणि पाणी यांमुळे पडणारा फरक या तीन जातींमधल्या फरकापेक्षा मोठा असतो.

तेव्हा यांपैकी जे खात्रीचं मिळेल ते घ्या. दिनकर मिळत नाही म्हणून वर्षभर थांबण्यात अर्थ नाही.

डायना, कोनाड्रिया, एक्सेल ही नावं ऐकू येतात. ती कशी आहेत?

या तिन्ही कॅलिफोर्नियात संकर करून तयार झालेल्या जाती. कोनाड्रिया त्यांतली जुनी, १९५० च्या दशकातली. डायना आणि एक्सेल त्यानंतरच्या, १९७० च्या दशकातल्या. तिन्हींची फळं पिकल्यावरही हिरवट-पिवळी राहतात. पुना अंजिराची सवय असलेल्यांना म्हणूनच ती कच्ची वाटतात आणि झाडावरच राहून वाया जातात. या जातींत रंगावर जाऊ नका, फळ हाताला मऊ लागतंय का ते पाहा.

डायना: फळ मोठं, पुना अंजिराच्या शेजारी ठेवलं तर सहज नजरेत भरतं. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात काही ठिकाणी हिची व्यापारी लागवड होते, त्यामुळे रोपं मिळतात. झाड जोमाने वाढतं. कुंडीत ठेवायचं तर छाटणी कडक हवी, नाहीतर दोन वर्षांत झाड छताला टेकतं आणि फळं सगळी शेंड्याला.

कोनाड्रिया: हिरवट सालीवर कधी जांभळी झाक, आत गर लालसर. फळ सहजासहजी नासत नाही, हा हिचा खरा गुण. मुंबईत फेब्रुवारी-मार्चची दमट पहाट आणि धुकं असतं, तिथे हा गुण उपयोगी पडतो. झाड मात्र डायनासारखंच वाढाळू.

एक्सेल: गर सोनेरी, खूप गोड, फळाचं तोंड (टोकाचं छिद्र) घट्ट मिटलेलं आणि तडकण्याचं प्रमाण कमी. कागदावर मुंबईसाठी ही सगळ्यांत योग्य. अडचण एवढीच की एक्सेल म्हणून विकलं जाणारं रोप एक्सेलच आहे याची खात्री देणारा विक्रेता विरळा.

दुसऱ्या कुंडीसाठी आमची पसंती डायना. गच्चीवर मोकळी जागा असेल तरच, बाल्कनीत नको.

ब्राउन टर्की आणि ब्लॅक मिशनमधलं कोणतं चांगलं?

कुंडीसाठी ब्राउन टर्की. हिचा मुख्य बहर त्याच वर्षीच्या नव्या फांदीवर येतो, त्यामुळे झाड निम्म्यावर छाटलं तरी फळ मिळतं. झाड आटोपशीर राहतं. फळ तपकिरी-जांभळं, गोडी मध्यम. पुना अंजिराच्या तुलनेत चव जरा सपक वाटते, हे आधीच माहीत असलेलं बरं.

ब्लॅक मिशन ही स्पॅनिश धर्मप्रसारकांनी अठराव्या शतकात कॅलिफोर्नियाच्या मठांमध्ये लावलेली जात. नाव त्यावरूनच पडलं. गर्द काळसर साल आणि दाट, खोल गोडी. पण हे मोठ्या जागेचं, कोरड्या उन्हाळ्याचं झाड आहे. पन्नास लिटरच्या कुंडीत ते वर्षानुवर्षं कुरकुरतं. जमिनीत लावायला जागा असेल, तर जरूर.

नर्सरीत “तुर्की अंजीर”, “इस्रायली अंजीर”, “रेड जंबो” अशा पाट्या असतात. या कोणत्या जाती?

जातींची ही नावं नव्हेत, विक्रीची आहेत. एकाच पाटीखाली दोन नर्सऱ्यांमध्ये दोन वेगळी झाडं मिळू शकतात. पानावरून जात ओळखण्याचा सल्ला दिला जातो, पण त्यावर विसंबू नये. अंजिराच्या एकाच झाडावर तीन पाळ्यांची, पाच पाळ्यांची आणि जवळजवळ अखंड अशी सगळी पानं दिसतात, लहान रोपावर तर विशेष.

विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा. मातृवृक्ष, म्हणजे ज्या झाडापासून हे रोप केलं ते, कुठे आहे? आणि हे कलम आहे की बियांचं रोप? उत्तर गोलमोल आलं तर ते रोप घेऊ नका. जमलं तर कुंडीत एखादं फळ धरलेलंच कलम घ्या. त्यातून निदान एवढं कळतं की हे फळ धरणारं झाड आहे.

सुक्या अंजिरातल्या बिया पेरल्या तर?

रोपं उगवतील, पण खाण्याजोगं फळ मिळण्याची आशा धरू नका. मशीद बंदर किंवा क्रॉफर्ड मार्केटात मिळणारं सुकं अंजीर मुख्यतः अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान या देशांतून येतं. त्यातलं बरंचसं स्मर्ना गटाचं असतं. या गटाच्या फळाला एका बारीक गांधीलमाशीकडून परागीभवन व्हावं लागतं, तेव्हाच त्यात रुजणारं बी भरतं. अशा बियांतून येणाऱ्या रोपांपैकी साधारण निम्मी नर प्रकारची असतात, त्यांची फळं कोरडी आणि बेचव. उरलेली बहुतेक पुन्हा त्या माशीवाचून फळ टिकवू शकत नाहीत. गोटीएवढी झाली की गळतात. पाच वर्षं कुंडी सांभाळून हे कळणं फार महाग पडतं.

आमच्या सोसायटीत उंबराचं झाड आहे. त्याची माशी अंजिराचं परागीभवन करेल का?

नाही. अंजीर, उंबर, वड, पिंपळ हे एकाच फायकस वंशातले. फुलं फळाच्या आत दडलेली असणं ही सगळ्यांची समान खूण. पण प्रत्येकाची माशी वेगळी. उंबराची माशी अंजिरात जाऊन काही साधत नाही. वर सांगितलेल्या जातींना तिची गरजही नाही.

याच अनुषंगाने विचारलं जातं की अंजिरात मेलेली माशी असते का. स्मर्ना गटाच्या फळात परागीभवनासाठी माशी आत शिरते, हे खरं आहे. पुना, दिनकर, डायना, ब्राउन टर्की ही फळं परागीभवनाशिवाय वाढतात. घरच्या झाडाच्या निरोगी फळात माशी नसते.

उंबरावर कलम केलेलं अंजीर घ्यावं का?

जमिनीत लावणार असाल आणि मातीत सूत्रकृमींचा (मुळांना लागणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींचा) त्रास असेल तर उपयोग होतो, उंबराची मुळं सूत्रकृमींना बऱ्यापैकी दाद देत नाहीत. कुंडीत नको. उंबराचा जोम कुंडीत मावत नाही आणि बुंध्यातून उंबराचे फुटवे सतत काढत बसावं लागतं.

घरीच फांदीपासून रोप करता येतं का? कधी आणि कसं?

अंजिराइतकं सोपं फळझाड या बाबतीत दुसरं नाही. ऑक्टोबरच्या छाटणीत निघालेल्या फांद्याच वापरा.

पेन्सिलीएवढी किंवा किंचित जाड, वर्षभराची, तपकिरी झालेली फांदी घ्या. हिरवी कोवळी फांदी कुजते. तुकडा २० ते २५ सेंटिमीटरचा, त्यावर चार-पाच डोळे (जिथून फूट येते त्या गाठी) हवेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा काप डोळ्याच्या बोटभर वर आणि सरळ. तिरका-सरळ हा भेद ठेवला की फांदी उलटी लागत नाही. कापल्यावर चीक वाहतो. तो वाळेपर्यंत तुकडे सावलीत काही तास ठेवा. मग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड वाळू समप्रमाणात घेऊन तळाला भोकं असलेल्या रोपाच्या पिशवीत भरा आणि दोन-तीन डोळे आत जातील असे रोवा. सावली, ओल बेताची, वरून प्लॅस्टिकची दुसरी पिशवी सैल घाला.

इथे हमखास एक गफलत होते. दोन-तीन आठवड्यांत पानं फुटतात आणि रोप लागलं असं वाटून लोक ते उन्हात नेतात. ती पानं फांदीतल्या साठ्यावर फुटलेली असतात, मुळं अजून नसतात. रोपाच्या पिशवीच्या तळाच्या भोकांतून पांढरी मुळं दिसेपर्यंत, म्हणजे दीड ते दोन महिने, जागा हलवू नका.

पुना अंजिराचं गुटी कलमही छान होतं. ते पावसाळ्यात बांधावं. फांदीवरची बोटभर रुंदीची साल गोल काढून ओलं शेवाळ बांधलं की महिना-दीड महिन्यात मुळं दिसतात.

कुंडी केवढी, माती कोणती?

पहिल्या वर्षी १२ इंची, नंतर १८ ते २० इंची. त्याहून मोठी नको. अंजिराची मुळं जरा आवळलेली राहिली की फळ जास्त धरतं. फार मोठ्या कुंडीत सगळा जोर फांद्यांना जातो.

मुंबईत नर्सरीबाहेर पोत्यात मिळणारी लाल माती एकटी वापरू नका. पहिल्या पावसात ती दाबून बसते, वर पाणी साचतं, खाली मुळं कुजतात. मिश्रण असं करा: लाल माती तीन भाग, गांडूळखत किंवा कुजलेलं शेणखत तीन भाग, कोकोपीट दोन भाग, जाड वाळू किंवा विटेचा चुरा दोन भाग. १८ इंची कुंडीला वरून १०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि मूठभर चुनखडीची भुकटी. तळाला किमान चार भोकं, प्रत्येक बोट जाईल एवढं. कुंडी विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर उचलून ठेवा. फरशीला टेकलेल्या कुंडीचं भोक पावसाळ्यात गाळाने बुजतं, शिवाय मुळं त्यातून बाहेर पडून फरशीच्या सांध्यात शिरतात.

वजनाचा हिशेब आधी करा. १८ इंची कुंडीत साधारण ४५ ते ५० लिटर माती मावते आणि ओली झाली की कुंडी, झाड धरून ६० ते ७० किलो होते. खिडकीच्या ग्रिलवर किंवा छज्जावर अशी कुंडी कधीही ठेवू नका. बाल्कनीत ती भिंतीलगत ठेवावी, कठड्याकडे नाही. गच्चीवर तुळईच्या किंवा खांबाच्या वर, आणि सोसायटीची लेखी परवानगी घेऊन.

ऊन किती लागतं? पूर्वेकडची बाल्कनी चालेल का?

रोज सहा तास थेट ऊन हवं. चार तासांत झाड जगतं, फळ तुरळक धरतं आणि गोडी भरत नाही. दक्षिण आणि पश्चिम दिशा उत्तम. पूर्वेला समोर टॉवर नसेल तरच. ऑक्टोबर ते मार्च सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि आपलं फळ नेमकं याच काळात भरतं. म्हणून उन्हाची पाहणी डिसेंबरात करा. मे महिन्यातलं ऊन पाहून जागा ठरवली तर फसगत होते.

समुद्राला तोंड करून असलेल्या उंच मजल्यावर खारा वारा पानांच्या कडा करपवतो. पावसाळा सोडून आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने पानं धुवावीत.

छाटणी आणि बहार कधी धरायचा?

सगळ्या प्रश्नांत हा महत्त्वाचा, म्हणून सविस्तर.

पुरंदरमध्ये दोन बहार, म्हणजे फळांचे दोन हंगाम, घेतात. खट्टा बहार पावसाळ्याच्या सुरुवातीला धरतात आणि त्याची फळं हिवाळ्यात येतात. मीठा बहार पाऊस संपल्यावर धरतात आणि फळं उन्हाळ्यात येतात. मुंबईत खट्टा बहार विसरून जा. त्याची पानं आणि कोवळी फळं ऐन पावसात तांबेऱ्याच्या तोंडी जातात. इथे फक्त मीठा बहार.

मुंबईतून पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघारी फिरतो. पाऊस थांबला की दहा-बारा दिवस पाणी कमी करा. कुंडीत शेतासारखा पूर्ण ताण देऊ नका, मुळं वाळतात. वरचे दोन इंच कोरडे झाले की अर्धा लिटर, एवढंच. मग छाटणी. मागल्या वर्षीच्या प्रत्येक फांदीचे तीन-चार डोळे ठेवून वरचा भाग काढा. आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, पेन्सिलीहून बारीक फांद्या बुडापासून काढा. कुंडीतल्या झाडावर पाच ते सात मुख्य फांद्या पुरेत. छाटणीनंतर खत घालून भरपूर पाणी द्या.

ऑक्टोबरच्या उकाड्यात डोळे भराभर फुटतात. महिन्या-दीड महिन्यात पानाच्या बेचक्यात मुगाएवढी हिरवी गाठ दिसते, तेच फळ. अंजिराला बाहेर फूल दिसत नाही, त्यामुळे फुलाची वाट पाहू नका. छाटणीपासून पहिलं फळ पिकायला चार ते साडेचार महिने लागतात, म्हणजे फेब्रुवारीचा उत्तरार्ध. तिथून मेपर्यंत टप्प्याटप्प्याने फळं येत राहतात.

एप्रिलअखेरीस जी फळं सुपारीएवढीसुद्धा झालेली नाहीत, ती काढून टाका. ती पावसाआधी पिकणार नाहीत, फुकट झाडाचं बळ खातील.

मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत विरघळवून एकत्र करा. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं भांडं वापरू नका.

पानांवर पिवळे ठिपके, खाली गंजासारखी पूड आणि मग सगळी पानं गळाली. झाड मेलं का?

बहुधा नाही. हा तांबेरा. पानाच्या वरच्या बाजूला बारीक पिवळट ठिपके दिसतात. पान उलटून बोट फिरवलं की नारिंगी-तपकिरी पूड बोटाला लागते. आधी खालची जून पानं जातात, मग वरची. ऑगस्टमध्ये मुंबईतलं अंजीर पार उघडं पडलेलं दिसणं नेहमीचं आहे. नखाने फांदीची साल किंचित खरवडून पाहा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे आणि ऑक्टोबरात फुटेल.

तांबेऱ्याला पूर्णपणे न बधणारी जात यांपैकी एकही नाही. जातीजातींत फरक पडतो तो किती लवकर पानं झडतात एवढाच. त्यामुळे इलाज जातीपेक्षा सांभाळण्यात आहे.

गळलेलं प्रत्येक पान त्याच दिवशी उचला आणि कंपोस्टमध्ये न टाकता कचऱ्यात द्या. पुढच्या हंगामाची बुरशी त्यातूनच येते. पाणी मातीला द्या, पानांवर संध्याकाळी कधीच मारू नका. दोन झाडांमध्ये हात फिरेल एवढी मोकळीक ठेवा. मे महिन्याच्या शेवटी, फळं संपल्यावर, एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी करा: दहा लिटर पाण्याला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना, एका झाडासाठी एक लिटरला दहा-दहा ग्रॅम. मिश्रणात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून पाहा; त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. नाहीतर पानं करपतात. मिश्रण त्याच दिवशी वापरा आणि पानांच्या खालच्या बाजूने फवारा, वरून मारलेलं औषध जवळजवळ वाया जातं. जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवस उघडीप मिळाली तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम. फळं पिकायला लागल्यावर यातलं काहीही मारायचं नाही.

पानांवर वेडेवाकडे पिवळे पट्टे असतील, पूड नसेल आणि पान आक्रसलेलं असेल, तर तो मोझॅक विषाणू. त्यावर औषध नाही. सौम्य असेल तर झाड तगतं, पण त्याच्या फांद्यांपासून नवी रोपं करू नका.

पावसाळ्यात आणखी काय करायचं?

खत बंद. मातीवर सुक्या पानांचं वगैरे आच्छादन असेल तर काढून टाका. कुंडीखाली बशी असेल तर तीही काढा. कुंडी हलवता येत असेल तर छपराच्या कडेला, पाऊस कमी आणि वारा खेळता अशा जागी न्या. घराच्या आत नेऊ नका, अंधारात झाड आणखी खंगतं.

फळं गळतात, फुटतात किंवा आतून आंबट वास येतो. का?

तिन्हींची कारणं वेगळी.

गोटीएवढी होऊन गळणारी फळं: पाण्यात अनियमितपणा, नत्र जास्त, ऊन कमी. दरवर्षी एकूण एक फळं याच टप्प्यावर गळत असतील आणि बाकी सगळं ठीक असेल, तर झाड स्मर्ना गटाचं किंवा बियांचं असण्याची दाट शक्यता. ते बदला.

फुटणारी फळं: कुंडी दोन दिवस कोरडी ठेवून एकदम बादलीभर पाणी दिलं की साल तडकते. मार्च-एप्रिलमध्ये मोठ्या झाडाला रोज चार ते सहा लिटर, शक्यतो सकाळी-संध्याकाळी विभागून. वर सुक्या पानांचा किंवा नारळाच्या सोडणांचा तीन इंची थर द्या, गच्चीवरच्या तापलेल्या कुंडीला याचा फार आधार होतो. फळ पिकताना पाणी थोडं कमी केलं की गोडी वाढते.

आंबणारी फळं: पिकत आलेल्या फळाचं तोंड उघडतं, त्यातून बारीक माश्या आणि भुंगे यीस्ट आत नेतात. तोंडातून फेसाळ पाणी गळतं आणि ताडीसारखा वास येतो. अशी फळं झाडावर ठेवू नका. ज्या जातींचं तोंड घट्ट मिटलेलं, त्यांना हा त्रास कमी.

खत किती?

१८ इंची कुंडीला छाटणीच्या वेळी दोन किलो गांडूळखत, १०० ग्रॅम निंबोळी पेंड, ५० ग्रॅम हाडांचा चुरा. नंतर मार्चपर्यंत दर महिन्याला अर्धा किलो गांडूळखत. फळं सुपारीएवढी झाली की सल्फेट ऑफ पोटॅश लिटरला तीन ग्रॅम, कुंडीला दीड लिटर, वीस दिवसांच्या अंतराने तीनदा. युरिया देऊ नका. पानं सुपाएवढी होतात आणि फळ रुसतं.

खोडाजवळ लाकडाचा भुसा पडतो आहे.

लगेच पाहा. हा खोडकिडा, आंब्याला लागतो तोच. आवारात जुनं आंब्याचं झाड असेल तर धोका जास्त. लांब मिशांचा भुंगा सालीत अंडी घालतो आणि अळी आतून खोड पोखरत जाते. भुशाच्या वर छिद्र सापडेल. सायकलच्या तारेएवढी तार आत सारून अळी मारा, छिद्रात रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा लहान बोळा ठेवून चिखलाने बंद करा. चार दिवसांनी पुन्हा भुसा दिसला तर पुन्हा हेच. कुंडीतलं खोड मनगटाएवढंच असतं, एक अळीसुद्धा ते आडवं करू शकते.

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड दिसली तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण. सोबत मुंग्यांचा बंदोबस्त करा, नाहीतर कीड परत येते.

फळ कधी तोडायचं? पाखरं आधीच खातात.

कच्चं तोडलेलं अंजीर घरात ठेवून गोड होत नाही, आंब्याची आढी इथे चालत नाही. फळाची मान वाकते, साल मऊ होऊन तिच्यावर बारीक पांढुरक्या भेगा उमटतात, कधी तोंडाशी मधासारखा थेंब येतो. त्या दिवशी सकाळीच तोडा, देठासकट. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं.

बुलबुल, कोकिळा, खारी आणि रात्री वटवाघळं यांना हा दिवस आपल्याआधी कळतो. फळाचा रंग पालटू लागला की प्रत्येकावर जाळीची किंवा मलमलची पिशवी बांधा. प्लॅस्टिकची नको, आत पाणी साचून फळ सडतं. गच्चीवर उंदीर असतील तर पिशवीही पुरत नाही. तिथे बारीक तारेची जाळी लागते.

छाटणी केल्यावर हाताला पुरळ आलं.

चिकामुळे. अंजिराचा चीक त्वचेला चुरचुरतो आणि चीक लागलेल्या हातावर ऊन पडलं तर भाजल्यासारखे डाग उठू शकतात. छाटणी संध्याकाळी, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून करा. चीक लागलाच तर साबणाने लगेच धुवा. कच्च्या फळातही चीक असतो, म्हणून लहान मुलांना कच्ची फळं तोडू देऊ नका.

सोसायटीच्या आवारात जमिनीत लावलं तर?

जागा असेल तर फळ जास्त मिळेल. पाणी न तुंबणारी, जरा उंच जागा निवडा. जिथे जुलैत घोटाभर पाणी साचतं तिथे लावू नका. ड्रेनेजचे चेंबर, पाण्याची टाकी आणि कंपाउंडची भिंत यांपासून किमान तीन मीटर दूर. अंजिराची मुळं ओलाव्याच्या शोधात पाइपच्या सांध्यात घुसतात. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, तळाला विटांचे तुकडे, वर माती आणि शेणखत निम्मं-निम्मं, मधे एक फूट उंचीचा मातीचा उंचवटा करून त्यावर कलम. लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरात करा. जूनमध्ये लावलेलं लहान कलम पहिल्याच पावसात कुजण्याची भीती असते.

जमिनीत लावायचं तर डायना आणि ब्लॅक मिशन यांचाही विचार करता येतो. दोन्ही लावणार असाल तर मधे चार ते पाच मीटर अंतर सोडा, आणि तिसऱ्या वर्षापासून झाडाची उंची हाताला येईल एवढीच राखा. त्याहून वरची फळं पाखरांचीच होतात.